पोटावर टाका नव्हता

माझं अंग बाहेर आलं होतं.

एवढंसं वाक्य, पण लिहायला मला बावीस वर्षं लागली. एरवी मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. बारसं असो की साखरपुडा, भावकीतल्या बायका मला मधोमध बसवतात आणि म्हणतात, “सुवर्णाक्का, ते म्हशीनं तुम्हाला तळ्यात नेलेलं सांगा की.” मी सांगते, त्या हसतात. माझ्या फजितीच्या गोष्टी आमच्याकडं लग्नातल्या जेवणासारख्या वाढल्या जातात, आणि वाढपी मीच. ही एक मात्र मी पातेल्याच्या तळाशी ठेवून दिली होती.

ज्यांना हा आजार माहीत नाही, म्हणजे बहुतेक पुरुषांना, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाईचं गर्भाशय आपली जागा सोडून खाली सरकतं, आणि पुढं पुढं चक्क बाहेर दिसायला लागतं. जीव जाईल असं काही दुखत नाही. ओढ लागते. दिवसभर एक लहान मूल खालून पदर ओढत “चल की, चल की” म्हणतंय असं वाटतं. लघवी होता होत नाही. जास्त वेळ उभं राहवत नाही आणि बसलं तर नीट बसवत नाही. आडवं झालं की बरं वाटतं, पण आमच्या घरात दिवसा आडवी होणारी सून म्हणजे एक तर मरायला टेकलेली, नाहीतर आळशी. मी दोन्ही नव्हते, म्हणून उभी राहिले.

शस्त्रक्रियेला आता सात महिने झाले. अजून लवकर दमते. हे लिहितानाही मध्येच जाऊन पडते. मजकूर कुठं तुटक वाटला तर तिथं मी झोपले होते असं समजा.

आमच्यात विटाळ नाही

आम्ही लिंगायत. कागलच्या पलीकडं, कर्नाटकाची हद्द हाताच्या अंतरावर असलेलं आमचं गाव. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. आमच्या सासूबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, त्या रागावल्या की कानडीत रागावतात आणि मग हिशेबाला मराठीत येतात.

आत्ती सुईण. हे काम त्यांनी आपल्या आईकडून घेतलं. पुढं आरोग्य केंद्रात दाईचं शिक्षण झालं, तिथून ब्लेड, दोरा, साबण असलेली एक डबी मिळाली. ती डबी त्या देव्हाऱ्याशेजारी ठेवत. मूल आडवं वाटलं, बाईचे डोळे फिरले, की क्षणभर न थांबता जीप बोलवायच्या आणि स्वतः मांडीवर डोकं घेऊन कोल्हापूरला जायच्या. “माझ्या हातात हाय तेवढं हाय, पुढचं डॉक्टरचं,” असं म्हणायला त्यांना कधी लाज वाटली नाही. आमच्या गल्लीतल्या काही बायका आज हिंडताफिरताना दिसतात त्या आत्तींच्या त्या भित्रेपणामुळं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण माझ्या अव्वानंच, म्हणजे आईनं, मला आठव्या महिन्यात परत आणून सोडलं. म्हणाली, “अख्ख्या पंचक्रोशीतली सुईण तुझ्या घरात, आणि मी तुला कुणाच्या हवाली करू?” आठव्याच महिन्यात आमच्या मठाचे स्वामी आले आणि पोटातल्या बाळासाठी लिंग, जे आम्ही जन्मभर अंगावर वागवतो ते, देऊन गेले. ते मी माझ्या लिंगाबरोबर गळ्यात बांधलं. मूल जन्मलं की नाळ कापायची, अंग पुसायचं, कपाळाला विभूती लावायची आणि ते लिंग त्याच्या अंगाला टेकवायचं. मग आईचं दूध. आमच्या घरात असा क्रम. माझी तिन्ही मुलं आत्तींनी अशीच हातात घेतली. तिन्ही धडधाकट आहेत.

मी तेवढी धडधाकट राहिले नाही.

बाळंतपणात आत्ती खांबाला दोरी बांधत. उकिडवं बसून ती धरायची आणि जोर करायचा. थोरलीच्या वेळी मी सकाळच्या भाकरीच्या वेळेपासून जोर करत होते, मूल झालं दिवेलागणीला. मध्ये एक चुलत जाऊ येऊन वरून पोट दाबून गेली. आत्ती म्हणत होत्या, “मांड्या सैल सोड, जोर कर, जोर कर, आळस करू नगंस.” मी बिचारी आज्ञाधारक. शाळेतसुद्धा न सांगितलेले धडे पाठ करणारी.

आणि मग पाचवा दिवस.

आमच्यात जन्माचा विटाळ मानत नाहीत. मरणाचा नाही, पाळीचा नाही. बाळंतीण दुसऱ्या दिवशी अंघोळ करून लिंगपूजा करू शकते. शेजारच्या पाटलांच्या घरात माझ्याच वयाची शालिनी, तिचं बाळंतपण माझ्या दोन दिवस आधी झालेलं. तिला बारा दिवस एका खोलीत बाजेवर ठेवलं होतं. तिच्या हातचं कुणी पाणी घेत नव्हतं. ती खिडकीतून म्हणायची, “तुमचं बरं बाई, मोकळं.” मलाही तसंच वाटायचं. पाचव्या दिवशी मी चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होते, सातव्या दिवशी दोन घागरी घेऊन तिच्या खिडकीखालून जात होते. मुद्दाम. तिला दिसावं म्हणून थोडी हळू चालले, असंही आठवतं.

विटाळ नव्हता, म्हणून मला सुट्टी नव्हती.

हे मी धर्माला बोल लावायला लिहीत नाही. ज्यांनी बाईच्या अंगावरचा विटाळ पुसला त्यांनी बाळंतिणीच्या डोक्यावर घागर द्या असं कुठं सांगितलं नव्हतं. तो अर्थ आमच्या घरानं काढला, कारण घरात माणसं नऊ आणि भाकऱ्या करणारी मी. आणि त्या अर्थाचा अभिमान सगळ्यांत जास्त मलाच होता.

दोन महिने, दोन वर्षं

धाकट्याच्या बाळंतपणानंतर महिनाभरात ते खाली आलं. अंघोळीला बसले तेव्हा हाताला लागलं. मी पाण्याचा तांब्या तसाच धरून बसले. मग हातानं आत सारलं, लुगडं नेसलं आणि बाहेर येऊन कणीक मळली. पुढची बावीस वर्षं साधारण तेच केलं.

कुणाला सांगायचं? घरात सुईण आहे, तिला सांगायचं म्हणजे “बघा तुमचं काम” असं तोंडावर म्हणणं. आणि बाहेर सांगायचं म्हणजे तिच्या नावाला बट्टा. गावातल्या बायका म्हणणार, स्वतःच्या सुनेचं असं केलं आणि आमचं काय करणार. माझ्या नवऱ्याला अर्धवट माहीत होतं. ते कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कारखान्यात, पाळ्या बदलत राहायच्या. ते थकलेले, मी थकलेली, त्यामुळं तो विषय आमच्यात आपोआप मिटला.

गेल्या वर्षी लघवीला जळजळ सुरू झाली, ताप यायला लागला. धाकटी मुलगी कविता कोल्हापुरात राजारामपुरीत एका क्लासमध्ये गणित शिकवते. तिनं जवळच्या एका दवाखान्यात बाई डॉक्टरांकडं नेलं. मी जळजळीच्या गोळ्या घ्यायला गेले होते. डॉक्टरबाईंनी तपासायला आडवं केलं आणि थोड्या वेळानं शांतपणे विचारलं, “मावशी, किती दिवसांपासून आहे?”

“जळजळ? पंधरा दिवस झालं.”

“जळजळ नव्हे. हे.”

“हां, ते व्हय. दोन महिने.”

 त्या नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, “दोन वर्षं असतील.”

“मावशी, इथली कातडी जाड झाली आहे. जखमा होऊन भरल्या आहेत.”

“पाच धरा मग.”

पडद्यापलीकडून कविता म्हणाली, “आई, भाजी घेतीयास का तू?”

तेव्हा मी म्हटलं, “धाकटा बावीसचा हाय.” 

डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. गर्भपिशवीचं तोंड उघडायच्या आधी तासन्‌तास जोर केला, वरून पोट दाबलं, आणि मग अंग सावरायच्या आत ओझी उचलली, की आतला आधार सैल पडतो. प्रत्येकीचं होतं असं नाही, पण होतं. सुरुवातीला आला असता तर व्यायामानं, आत बसवायच्या रिंगनं भागलं असतं. आता पिशवी काढावी लागेल, खालूनच. मग त्यांनी विचारलं, “बाळंतपणं कुणी केली?”

“घरात झाली.”

“दाईनं?”

“सासूनं.”

त्यांच्या हातातलं पेन थांबलं. माझ्याकडं बघून त्यांनी ते पुढं न लिहिता खाली ठेवलं. त्या पोरीएवढ्या डॉक्टरचे उपकार मी त्या एका गोष्टीसाठी मानते.

गाठ

जिना उतरताना मी कविताला म्हटलं, “घरात सांगायचं की पिशवीत गाठ हाय.”

“गाठ कशाला? खरं सांगूया की.”

“गाठ कुणाच्या हातानं होत न्हाय.”

तिला पटलं नाही, पण तिनं माझं ऐकलं. मला वाटलं, काय शहाणी मी! आजार माझा, शस्त्रक्रिया होणार, आत्तींचं नाव शाबूत. एवढी सोयीची थाप मी जन्मात मारली नव्हती.

रक्त कमी होतं म्हणून डॉक्टरांनी तीन आठवडे गोळ्या देऊन मग बोलावलं. त्या तीन आठवड्यांत माझ्या गाठीनं गावभर हातपाय पसरले. गाठ म्हणजे काय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला एकच ठाऊक होतं. माझा भाऊ गाडी करून आला आणि उंबऱ्यातच रडला. शालिनी खिडकीतून हाक मारायची थांबली, डायरेक्ट घरात येऊन माझा हात धरून बसायला लागली. नणंद केळी घेऊन आली. आमचे हे कारखान्यातून रजा टाकून आले आणि मला म्हणाले, “पुण्याला दाखवू. काय लागंल ते करू.” अठ्ठावीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्या डोळ्यांत बघून एवढं कधी बोलला नव्हता. मला आतून एवढं हसू येत होतं आणि एवढी लाज वाटत होती की मी केळी सोलत बसले.

आणि आत्ती. त्यांची लिंगपूजा रोज अर्ध्या तासाची, ती दीड तासाची झाली. डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्या बसायच्या ते उठायच्याच नाहीत. मग कविताच्या लक्षात आलं की आजी एकच वेळ जेवते आहे. विचारलं तर म्हणाल्या, “भूक न्हाय.” अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी माझ्यासाठी उपास धरला होता, आणि ज्या गाठीसाठी धरला होता ती गाठ फक्त माझ्या जिभेवर होती.

कविता म्हणाली, “सांग आता तरी.”

“ऑपरेशन होऊ दे,” मी म्हटलं. भित्रा माणूस तारखेवर ढकलतो तसं.

आत जाताना

दवाखान्यातल्या दिवसांबद्दल लोक भीतीच्या गोष्टी सांगतात. माझा अनुभव असा की भीतीपेक्षा कंटाळा जास्त असतो. पहाटे अंघोळ, हिरवा गाऊन मागं उघडा, मग उपाशी पोटी नुसतं थांबायचं. भिंतीवरच्या कॅलेंडरातले सगळे सणवार पाठ झाले.

खरी भीती वाटली ती सिस्टरनं “गळ्यातलं सगळं काढा” म्हटलं तेव्हा.

मंगळसूत्र काढलं. बांगड्या काढल्या. ज्यात लिंग असतं त्या गळ्यातल्या चांदीच्या डबीला मात्र हात जाईना. जन्मायच्या आधीपासून ते लिंग माझ्यासोबत, ते अंगावेगळं कधी झालेलं नाही. अंगाला ते नसताना बेशुद्ध पडायचं या कल्पनेनं मी डबी मुठीत घट्ट धरली. पिशवी काढायची ठरली तेव्हाही एवढी भीती वाटली नव्हती.

“मावशी, चांदी चालत न्हाय आत. करंटचं मशीन असतंय.”

“मग मीबी चालत न्हाय.”

सिस्टर गडहिंग्लजकडची होती. ती थोडं थांबली, आत जाऊन भुलीच्या डॉक्टरांना विचारून आली. डबी उघडून दे, म्हणाली. आतलं लिंग तिनं स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळलं आणि माझ्या उजव्या दंडाला पट्टीनं बांधलं, जखमेला बांधतात तसं, हळूच. डबी आणि दोरा कविताकडं दिला. “झालं? आता चला पावणं,” म्हणाली. पाठीत सुई टोचली तेव्हा मी त्या दंडाकडं बघत होते. पुढचं मला आठवत नाही, आणि आठवायचंही नाही.

आत्तींनी चादर उचलली

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेत आत्ती आल्या. कविता चहा आणायला खाली गेली होती. आत्तींनी माझ्या कपाळाला विभूती लावली. मग काही न विचारता, सुईणी करतात तशी, माझ्या अंगावरची चादर उचलली आणि पोट बघितलं.

“टाका कुठं हाय?”

मी चादरीचा काठ ओढून धरला.

“गाठ कुठनं काढली? पोट कोरं हाय की.”

“आत्ती, हल्ली दुर्बिणीनं करत्यात...”

“दुर्बिणीला बी भोकं पाडत्यात. पाटलाच्या थोरलीला तीन पाडलेली, मी बघितल्यात.”

त्यांनी चादर आणखी वर केली. लघवीची नळी बघितली, मांड्यांवरचा औषधाचा पिवळा रंग बघितला. मग चादर खाली घेतली, दोन्ही बाजूंनी नीट खोचली आणि स्टुलावर बसल्या.

“अंग आल्यालं?”

“व्हय.”

“गाठ न्हाय?”

“न्हाय.”

“म्हंजे तू मरत न्हाईस.”

“सध्या तरी न्हाय.”

“मेले!” त्या इतक्या मोठ्यानं म्हणाल्या की समोरच्या खाटेवरची बाई उठून बसली. “तीन आठवडं एक टाईम जेवतोय मी! माझं गुडघं गेलं पूजंला बसून! आणि हिला गाठच न्हाय!” त्यापुढं पाच मिनिटं कानडी. मला सगळं कळलं, समोरच्या बाईला कळलं नाही, हे तिचं नशीब.

मग त्या थांबल्या. त्यांचा राग उतरताना मी अनेकदा बघितला आहे, पण या वेळी राग उतरून त्यांचा चेहरा कुठं निघालाय ते मला दिसलं, आणि मी म्हटलं, “आत्ती, पाणी देऊ का?” मला नळी लावलेली, मी काय पाणी देणार होते.

“माझ्या हातानं झालं?” त्यांनी विचारलं.

बावीस वर्षं मी याच एका प्रश्नाला चुकवत आले होते. मला कुठल्याही प्रसंगी काहीतरी गमतीचं सुचतं, असं सगळे म्हणतात. तेव्हा काही सुचलं नाही. थोडं खरं, थोडं गोड असं करून सांगता आलं असतं. पण एका थापेनं त्यांना तीन आठवडे उपाशी ठेवलं होतं. दुसरी मारायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

“तुमच्या हातानं माझी तिन्ही पोरं जगली,” मी म्हटलं. “पर जोर लई लवकर करायला लावलासा. आणि पाचव्या दिवशी मी भाकऱ्या केल्या. त्या तुम्ही करायला लावल्या न्हाईसा, पर नगो बी म्हणाला न्हाईसा.”

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं. 

“मला बी हाय,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“हेच. तुझ्या नवऱ्याच्या पाठीवर पोरगी झाली, तवापास्नं. चिंध्यांचा बोळा करून बसवतो मी.”

मी हिशेब केला. माझ्या बावीस वर्षांची मला लाज वाटली. त्यांची पन्नास होत आली होती.

“आणि कधी कुणाला...”

“काय सांगायचं? मला वाटलं बाईला असतंयच. पाय असत्यात तसं. कितीतरी बायांचं बघितलं मी, निम्म्यांना असायचंच. मग त्यात सांगण्यासारखं काय हाय?” आणि मग एकदम तिखट होऊन, “तू तरी का न्हाय सांगितलंस? मी सुईण हाय न्हवं घरात?”

“तुम्ही सुईण हाईसा म्हणूनच.”

कविता चहा घेऊन आली तेव्हा आत्ती माझ्या अंगावरची चादर पुन्हा खोचत होत्या. एका घरात, एका चुलीपुढं, आम्ही एकच आजार पदराखाली धरून बावीस वर्षं एकमेकींना भाजी वाढत आलो होतो. मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. फार थकवा आला, एवढंच. चहा गोड होता. तो मी दोन कप प्यायले.

घागर

घरी आल्यावर तीन महिने काही उचलायचं नाही, असं सांगितलं होतं. मला वाटलं होतं, आठवडाभर सगळे पाळतील आणि मग आपोआप मी चुलीपुढं दिसेन. पण आत्ती स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या. मी आत पाऊल टाकलं की पाय आडवा. आमच्या ह्यांना त्यांनी भाकरी शिकवायला घेतलं. त्यांच्या पहिल्या भाकरीचा आकार सांगण्यासारखा नव्हता. आत्ती म्हणाल्या, “खा. घरचीच हाय.”

गाठीचा समाचार घ्यायला बायका येतच होत्या. आत्तींनी प्रत्येकीला दारातच खणखणीत सांगितलं, “गाठ न्हाय. अंग आल्यालं. माझ्यामुळं आल्यालं. आत बसा, चहा ठिवतो.” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चादर डोक्यावर ओढून घेतली. पण एक गोष्ट ध्यानात आली. बायका चहा पिऊन उठत नव्हत्या. एक कधी उठते याची वाट दुसरी बघायची, आणि शेवटची राहिली की ती खाटेजवळ सरकून विचारायची, “अक्का, तुम्हाला लघवीला तरास व्हायचा का हो?” शालिनीनंही विचारलं. बारा दिवस बाजेवर पडली होती ती, तरी तिलाही होतं, थोडं. बाराव्या दिवसानंतर तिलाही घागरीच होत्या.

तुमच्यापैकी कुणी वाचता वाचता इथं थबकली असेल, तर तिला एवढंच सांगते. लवकर दाखवा. पहिल्या वर्षी गेलेल्या बाईला शस्त्रक्रिया लागेलच असं नाही. डॉक्टर रागवत नाहीत. रागावले तर दुसरे बघा. आणि तुमच्या घरात बाळंतीण असेल तर तिच्या हातातली कळशी काढून घ्या. तुमच्यात विटाळ असो नाहीतर नसो.

आत्ती मात्र स्वतः डॉक्टरकडं यायला तयार नव्हत्या. “माझं आता काय ऱ्हायलंय? बोळा बसवलाय, बसलाय.” कवितानं समजावलं. ह्यांनी तोंड फिरवून, भिंतीला सांगावं तसं समजावलं. महिना गेला. त्या पाटावरून उठताना कशा हाताचा आधार घेतात, ते आता मला दिसायला लागलं होतं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मी त्याला वय म्हणत होते.

एका सकाळी मी सरळ मोरीत गेले आणि घागरीच्या काठाला हात घातला.

“काय करतीयास?”

“पाणी आणतो.”

“ठेव खाली.”

“तुम्ही येत न्हाईसा तर मी आणतोच.” आणि मी ती उचलली. रिकामीच होती, पण त्यांना पाटावरून काय दिसणार.

“ठेव! टाके तुटतील, रांडे! येतो म्हणलं न्हवं! येतो!”

त्यांनी तसं म्हटलेलं नव्हतं. पण मी घागर खाली ठेवली.

टेबलावर

राजारामपुरीतल्या त्याच डॉक्टरबाई. आत्तींनी आधी त्यांच्याकडं, मग हातमोज्यांकडं, मग टेबलाकडं बघितलं. एवढी बाळंतपणं केली, पण अशा टेबलावर त्या स्वतः कधी झोपल्या नव्हत्या. चढताना मी कंबरेला आधार दिला. वजन काहीच नव्हतं त्यांना.

डॉक्टरबाईंनी हात लावला तशा त्या म्हणाल्या, “बाई, हात गार हाईत तुजं. चोळून घे की जरा.”

डॉक्टरबाईंनी हसून हात चोळले. दुसऱ्यांदा विचारूनच पुढं झाल्या. तपासलं, बोळा काढला, आतल्या जखमेला औषध लावलं. म्हणाल्या, वय बघता चिरफाड नको, जखम भरली की रिंग बसवू, आजी आरामात हिंडतील. मग रिंगचं माप घ्यायचं होतं. आत्तींचे पाय पुन्हा एकमेकांना चिकटलेले. मांड्या लाकडासारख्या ताठ.

“आजी, सैल सोडा. जरा सैल सोडा, म्हणजे दुखणार नाही.”

आत्तींनी डोळे मिटले. ओठ घट्ट दाबले. पाय काही सैल झाले नाहीत. डॉक्टरबाई परत म्हणाल्या, सैल सोडा. आत्तींनी माझ्याकडं मान वळवली. त्यांच्या कानापर्यंत पाणी ओघळलं होतं.

“सुवर्णे,” त्या म्हणाल्या, “जन्मभर सगळ्यास्नी ह्येच सांगत आलो मी. सैल सोड, सैल सोड. एवढं अवघड असतंय व्हय गं हे?”

“व्हय आत्ती,” मी म्हटलं, आणि त्यांचा पाय हातात धरला.